पासवर्ड कुणाकडं?

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटानं कॉम्प्युटर घेतला, तो गाण्यांसाठी. हे सांगितलं की अजूनही लोक हसतात. हिशेबासाठी घेतला म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं.

बुलडाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरच्या बाजूला आमचं काम चालतं. बचत गट, दारूबंदी, घरातल्या मारहाणीच्या तक्रारी, असं आपल्या सगळ्यांचं असतं तसंच. शिबिरात बाया गातात. गाता गाता जे बोलून जातात ते तक्रारीच्या अर्जात कधी येत नाही, हे आम्हाला बऱ्याच वर्षांपासून दिसत होतं. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, हळदीची गाणी, भीमगीतं, तांड्यावरची होळीची लेंगी. हे सगळं नीट ध्वनिमुद्रित करावं आणि नव्या मुलींनी आपली गाणीही त्याच यंत्रावर तयार करावी, असं ठरलं. वर्गणी केली, दोन हितचिंतकांनी हात दिला आणि एक दिवस खोकी येऊन पडली.

बसवून द्यायला आलेल्या मुलानं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, जेन्ट्स कोणी नाही का? आयडी कोणाच्या नंबरवर टाकू?"

आम्ही आठजणी तिथं उभ्या होतो. प्रत्येकीकडं मोबाइल होता. एकीनं तरी म्हणावं ना, "माझा नंबर टाक." आम्ही एकमेकींकडं पाहिलं आणि आमच्यातल्याच एका ताईच्या पुतण्याला बोलावून घेतलं. तो आला, खुर्चीत बसला. दोघं पोरं कॉम्प्युटर लावू लागली आणि मी चहा टाकायला गेले. पंचवीस वर्षं बायांना "पुढं व्हा, बोला" असं सांगणारी मी चहा टाकायला गेले. म्हणून हा लेख लिहिते आहे.

पुढचं वर्षभर तो मुलगा वेळ मिळेल तसा येत राहिला. पासवर्ड त्याचा, ईमेल त्याचा, गाणी साठवायची जागाही त्यालाच ठाऊक. तो नसला की खोलीला कुलूप. त्या वर्षात आम्ही मेहकरकडच्या एका आजीच्या ओव्या घेतल्या, दोन दुपारी बसून. वय ऐंशीच्या पुढं, आवाज थकलेला, पण जात्याचा खुंटा हातात आला की सुरू. दुष्काळ, मेलेलं पहिलं लेकरू, नवऱ्यानं आणलेली दुसरी आणि त्या दुसरीशी पुढं जमलेलं मैत्र, सगळं त्यात होतं. मग त्या मुलाला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं भल्या मनानं कॉम्प्युटर साफ करून दिला. "लई स्लो झाला होता ताई, फॉरमॅट मारला. जुनं काही कामाचं नव्हतं ना?"

आजी त्याआधी दोन महिने गेली होती.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्यानं वर्षभर फुकट काम केलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या डब्यात काय आहे. सांगणार कोण? आम्ही त्या यंत्राजवळ कधी बसलोच नव्हतो. आमचा कॉम्प्युटर त्या दिवशी टेबलावर बसला खरा, पण आमच्या मालकीचा झाला नाही.

सातबारा आणि खातं

मैत्रिणींनो, मालकीचा हा धडा आपल्याला नवा नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा गावोगाव एकच प्रश्न विचारला गेला: राबते कोण आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? घराच्या दारावरच्या पाटीबद्दल, रेशनकार्डाबद्दल, बँकेच्या पासबुकाबद्दल आपण हाच प्रश्न विचारत आलो. कॉम्प्युटर आला तेव्हा मात्र तो विचारायचा आपण विसरलो, कारण यंत्र म्हटलं की ते पोरांचं, हे आपल्याही मनात घट्ट बसलं आहे.

मुलींना काही येत नाही असंही नाही. आमच्या भागात घरटी एखाद्या मुलीकडं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट असतं. नोकरीच्या अर्जाला लागतं म्हणून केलेलं, प्लॅस्टिकच्या फायलीत जपून ठेवलेलं. पण घरी कॉम्प्युटर असेल तर त्यावर भाऊ बसतो. मोबाइल असेल तर तो भावाचा जुना. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी ३३ टक्क्यांनी. आणि "वापरलं" म्हणजे एकदा जरी वापरलं तरी. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पासवर्डनं किती जणींनी वापरलं, हा पुढचा प्रश्न.

दुसऱ्या वेळी

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी खोलीत गोल बसून ठरवलं की शिकल्याशिवाय काही घ्यायचं नाही. गटातल्याच एका कार्यकर्तीची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती सुटीत आली होती. तिनं एकच अट घातली. "मी माउसला हात लावणार नाही. मी सांगेन, तुम्ही करा. चुकलं तर चुकू द्या." ही अट आम्हाला सगळ्यात जड गेली आणि सगळ्यात कामाला आली. माझा पहिला अर्धा तास नुसता बाण शोधण्यात गेला.

काय काय ठरवलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण बऱ्याच गटांनी विचारलं आहे.

टेबलावरचा कॉम्प्युटर की लॅपटॉप, यावर आमचं भांडण झालं. टेबलावरचा खोलीतच राहतो, कुणी घरी नेत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण गाणी खोलीत कुठं असतात? जातं उचलून चिखलीला आणता येत नाही. भुलाबाई गल्लीत असते. शिवाय विजेचा भरवसा नाही आणि जिथं अर्थिंग धड नाही तिथं माईकमधून सतत घूं असा आवाज येतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की ती घुरघुर बहुतेक वेळा जाते. म्हणून लॅपटॉप घेतला आणि सोबत एक रजिस्टर ठेवलं. कोण नेते, कधी आणते, सही. सही सगळ्यांची, अध्यक्षांचीसुद्धा.

दुसरी वस्तू म्हणजे ऑडिओ इंटरफेस. नाव मोठं आहे, पण वस्तू डब्याएवढी. माईकमधून आलेला आवाज कॉम्प्युटरला कळेल अशा आकड्यांत बदलून द्यायचं काम ती करते. दुकानात आम्हाला महागडा कंडेन्सर माईक दाखवत होते. तो फार कान देऊन ऐकतो. बंद, शांत खोलीत उत्तम. आमच्याकडं रस्त्यावरची अॅपे, शेजारची गिरणी, मंदिराचा भोंगा, सगळंच त्यात येतं. म्हणून साधा डायनॅमिक माईक घेतला. गाणाऱ्या बाईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला की तिचाच आवाज येतो. कानाला झाकून बसणारा हेडफोन घेतला. खोलीच्या पत्र्याला आणि भिंतींना गोधड्या टांगल्या. आवाज घुमायचा थांबला. पंखा मात्र बंद ठेवावा लागतो. घाटाखालच्या, नांदुरा-मलकापूरकडच्या मैत्रिणींना मे महिन्यात हे सांगायला गेले तर त्या मला हाकलून देतील, म्हणून सकाळी लवकर काम करायचं.

सॉफ्टवेअर फुकटचं घेतलं, ऑडॅसिटी. चोरून आणलेलं महागडं सॉफ्टवेअर भरून द्यायला दोघंतिघं तयार होते. पण चोरीचं घेतलं की ते बंद पडल्यावर पुन्हा त्याच माणसाच्या दारात जावं लागतं. फुकटचं आणि खुलं असलेलं कुणीही उतरवून घ्यावं, बिघडलं तर पुन्हा घालावं.

एक ठरवलं, की मूळ मुद्रण एमपी-थ्रीमध्ये ठेवायचं नाही. एमपी-थ्री फाईल लहान होते ती आवाजातला काही भाग टाकून देऊनच. मूळ मुद्रण वेव्ह फाईलमध्ये, सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट. अशा एका तासाच्या एकेरी मुद्रणाला साधारण ५२० एमबी जागा लागते. शंभर तासांना ५२ जीबी. म्हणजे एका तालुक्यातली सगळी गाणी पोलक्याच्या खिशात मावतील एवढ्या वस्तूत बसतात. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा सातवी शिकलेल्या आमच्या खजिनदार म्हणाल्या, "मंग कॉप्या करायले का जीवावर येते?" खरंच होतं ते. आता प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती असतात. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर कपाटात, एक दुसऱ्या गावातल्या गटाकडं.

आणि पासवर्ड. तो तिघींना पाठ आहे. एका बंद लखोट्यात लिहून कपाटात ठेवला आहे. खातं गटाच्या नावानं, गटाच्याच मोबाइल नंबरवर. दर सहा महिन्यांनी बैठकीत पासवर्ड बदलतो आणि तसा ठराव वहीत लिहितो. हसू नका. आजीच्या ओव्या गेल्या तेव्हा आम्हाला हसू आलं नव्हतं.

यंत्राची लय आणि बाईची लय

संगीताची बहुतेक सॉफ्टवेअरं उघडली की आत एक टकटक तयारच असते, मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारची मोजणी. कुणी न सांगता ते तसं धरून चालतं. आमच्यातल्या एका तरुण मुलीनं उत्साहानं ती टकटक लावून एका मावशींना हेडफोन घातला. मावशी दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "हे टकटक बंद कर वं माय. मी दळू का ह्याच्या मागं पळू?"

जात्यावरच्या ओवीला लय असते ती हाताची. दाणे जास्त पडले की जातं जड होतं, ओवी लांबते. दुसरी बाई खुंट्याला हात लावते तेव्हा पुन्हा वेग येतो. भुलाबाईच्या गाण्यात टिपऱ्या आणि पोरींची चढाओढ लय ठरवते. यंत्रातली १२० ची मोजणी कुणीतरी आधीच ठरवून ठेवली आहे. ती कायद्यासारखी मानायचं कारण नाही. टकटक बंद करता येते आणि ती बंद करायचं बटण कुठं आहे हे माहीत असणं महत्त्वाचं.

सुराचंही तेच. बेसूर आवाज सुरात ओढणारं ऑटो-ट्यून १९९७ साली बाजारात आलं. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड मूळचे भूगर्भातल्या ध्वनिलहरींचा अभ्यास करणारे. आज ते सर्रास वापरतात. आमच्या ओव्या ऐकून एकानं सल्ला दिला, "थोडं ऑटो-ट्यून मारा, खाली बीट टाका, व्ह्यूज येतील." मी बीटच्या विरोधात नाही. आमच्या मुलींनी हुंड्यावर एक रॅप केला आहे, त्यात हलगी आहे, कॉम्प्युटरचे ढोलही आहेत, आणि तो मला आवडतो. पण सत्तर वर्षांच्या बाईचा कापरा आवाज सरळ करून टाकला की तिच्या वयाची, श्रमाची खूणच पुसली जाते. आम्ही नियम केला: मूळ मुद्रणाला हात लावायचा नाही. जे काही करायचं ते दुसऱ्या प्रतीवर, आणि तेही गाणारीला ऐकवून, विचारून.

बायांना ही यंत्रं जमत नाहीत असं म्हणणाऱ्यांना दोन नावं सांगते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली विजेवर सूर निर्माण करणारा मूग सिंथेसायझर आला. तिथं ज्यांनी रचना केल्या त्यांत गीता साराभाई होत्या, पखवाज शिकलेल्या. त्या काळी पखवाजावर बाईनं थाप मारणं हीसुद्धा नवलाची गोष्ट. त्या टेपा पडून राहिल्या आणि त्यांतलं निवडक संगीत २०२३ साली प्रसिद्ध झालं. दुसऱ्या इंदूरच्या स्नेहा खानवलकर. खेड्यापाड्यांत, रस्त्यांवर फिरून त्यांनी आवाज आणि गाणी मुद्रित केली आणि त्यांतून २०१२ च्या 'गँग्ज ऑफ वासेपूर'चं संगीत उभं केलं. त्यांचं संगीत ऐकलं की कळतं, यंत्र ताब्यात असलेली बाई कुठल्या आवाजांना जागा देते.

नाव कुणाचं लागणार?

आता कायद्याकडं येऊ. पारंपरिक गाणं कुणा एकीचं नसतं, म्हणून त्यावर कुणाचाच हक्क नाही, असं आपण धरून चालतो. रचनेपुरतं ते खरं असेल, पण मुद्रणाचं तसं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. त्या मुद्रणावर ६० वर्षं हक्क असतो. म्हणजे आपल्या अंगणात येऊन, आपल्या आजीपुढं मोबाइल धरून कुणी पुढाकार घेतला तर मुद्रण त्याचं म्हणता येतं. ओवी आजीची, राबणं आजीचं, चॅनल पोराचं.

पण याच कायद्यात गाणारीचीही बाजू आहे. १९९४ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलावंत म्हणून वेगळा हक्क दिला. पुढं २०१२ च्या दुरुस्तीनं तो अधिक पक्का केला: आपल्या गाण्याला आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार तिला आहे. कलावंताचा हक्क ५० वर्षं टिकतो. त्यासाठी ती रेडिओवर गाणारी असली पाहिजे असं काही नाही. जात्यावर बसलेली बाईही कलावंतच.

म्हणून मुद्रण सुरू होताना आम्ही बाईला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून सांगायला लावतो. लिहिता येत नसेल तरी तिच्या आवाजात तिचं नाव त्या फाईलमध्ये कायमचं राहतं. पहिल्यांदा सांगताना बऱ्याचजणी "अमक्याची बायको" म्हणतात. आम्ही थांबतो. "तुमचं नाव सांगा." मग हसत, लाजत नाव येतं. एक बाई म्हणाली, "माहेराहून आल्यापासून मले या नावानं कोणी हाक मारली नाई." तेवढं एक वाक्य मिळालं तरी सगळा खटाटोप वसूल झाला असं मला वाटतं.

संमतीचा प्रश्न मात्र नावापेक्षा अवघड आहे. एका ताईनं मारहाणीचं गाणं गायलं, स्वतः रचलेलं. गाऊन झाल्यावर म्हणाली, "ठेव तुह्यापाशी, पण माह्या गावात वाजवू नको. सासू अजून जित्ती आहे." काय करायचं? गाणं चांगलं होतं, शिबिरात लावलं असतं तर बाया रडल्या असत्या. आम्ही लावलं नाही. त्या दिवसापासून गाण्यांचे तीन कप्पे केले: सगळ्यांसाठी, फक्त गटासाठी आणि कुलपातलं. कुठलं गाणं कुठं ठेवायचं हे गाणारी ठरवते आणि पुढं मन बदललं तर कप्पा बदलतो. इंटरनेटवर एकदा टाकलेलं परत घेता येत नाही हे तिला आधी सांगावं लागतं. चळवळीच्या भल्यासाठी म्हणून बाईचं दुःख तिला न विचारता वापरायचं, हे आपणही केलं आहे. ते थांबायला हवं.

जिल्ह्याची जुनी गोष्ट

ताराबाई शिंदे आमच्या बुलडाण्याच्या. १८८२ साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यावरून बाईजातीवर जी राळ उडवली गेली, तिला त्यांनी उत्तर दिलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पण नंतर ते पुस्तक इतकं विस्मरणात गेलं की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा कुठं आपल्या पिढीला ताराबाई कळल्या. मधे नव्वदाहून जास्त वर्षं गेली. कागद होता म्हणून एखादी प्रत कुठल्या तरी कपाटात राहिली. फाईल अशी राहत नाही. ती कुणीतरी जपावी लागते, नव्या डिस्कवर उतरवत राहावी लागते. एका "फॉरमॅट"नं काय होतं ते आम्ही पाहिलं.

याउलट उदाहरणही आपल्याकडंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी पुण्याच्या डोंगरी भागातल्या कार्यकर्त्या बायांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं ते काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक बाया, एक लाखाहून अधिक ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक त्यांना मिळाले आणि ओव्या कॉम्प्युटरवर नोंदवल्या गेल्या. सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. गी पॉइत्वँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. तरी २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीच्या नावगावासह येऊ लागल्या. गोळा करणारी माणसं गेली तरी काम टिकलं, कारण प्रत्येक ओवीला नाव होतं आणि नोंद नीट होती. मी वर जो हिशेब मांडला त्यानं ते १२० तास आज ६२ जीबीत बसतील. जागेचा प्रश्न उरलेला नाही. नोंद ठेवणाऱ्या बायांचा आहे.

"हे आत्ताच कशाला?"

आमच्याच मैत्रिणी विचारतात, जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या, पाण्याचे हाल, पोरींची लवकर लग्नं, आणि तुम्ही माईक घेऊन बसता? प्रश्न रास्त आहे. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यात बुलडाणा होता. तेव्हापासून किती पाहण्या झाल्या! येणारा कर्ज किती, एकर किती, बोअर किती हे विचारतो, आणि विचारतो बहुधा घरातल्या पुरुषाला. मागं राहिलेल्या बाईला उत्तरं पाठ झालेली असतात. ती गाते तेव्हा मात्र न विचारलेलं सांगते: सावकार दारात आला तेव्हा ती कुठं होती, मंगळसूत्र कधी मोडलं, दीर काय म्हणाला. गाण्याला मी पुरावा म्हणते. तो जपायचं यंत्र तक्रार-रजिस्टराइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि यंत्र आलं म्हणून मोर्चे थांबलेले नाहीत. उलट, गेल्या आठ मार्चला लावलेली गाणी आमच्याच खोलीत तयार झाली होती. ढोलकीवर आवाज चढवताना हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून ऐकू येत होता, पोरी वैतागल्या होत्या. बफर हा आकडा कमी करायचा असतो, हे आमच्या खजिनदारांनी शोधून काढलं. त्याच त्या, सातवी शिकलेल्या. पुतण्याला फोन करावा लागला नाही.

ज्या गटांकडं कॉम्प्युटर आहे, मग तो गाण्यांसाठी असो की हिशेबासाठी, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारून पाहावं. खातं कुणाच्या नंबरवर आहे? पासवर्ड किती जणींना येतो? आज रात्री यंत्र जळालं तर उद्या काय उरेल? ध्वनिमुद्रण असेल तर त्यात गाणारीचं नाव आहे का आणि तिला विचारलं होतं का? उत्तरं आमच्यासारखीच निघाली तर लाज वाटून घेऊ नका, पण दुरुस्ती त्याच आठवड्यात करा. शिकायला आमच्याकडं यायचं असेल तर जरूर या. सुगीचे दिवस सोडून कधीही. गोधडी आणि वही सोबत आणा.

परवा तो पुतण्या सुटीत गावी आला होता. खोलीत येऊन म्हणाला, "काकू, जरा लॅपटॉप पाहू का?" आमच्या खजिनदारांनी रजिस्टर पुढं सरकवलं. "पाह्य ना बाबा. सही कर आधी." त्यानं सही केली. चहा यावेळी त्यानंच टाकला.